लहान मुलांसोबत गोवा: मोपा की दाबोळी? तिकीट काढताना या चुका टाळा

स्वस्त तिकीट दिसलं की ते आधी काढून टाकायचं आणि राहायची जागा नंतर बघायची, हा आमच्याकडचा लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. दोघंच होतो तोवर तो खपून गेला. मुलं झाल्यावरच्या पहिल्या गोवा ट्रिपमध्ये मात्र तो चांगलाच अंगाशी आला. थोरली तेव्हा चार वर्षांची होती आणि धाकटा चौदा महिन्यांचा. तिकीट होतं मोपा विमानतळाचं, रात्री नऊ चाळीसला उतरणारं. खोली घेतली होती पाळोळ्याला.

नकाशावर गोवा एवढासा दिसतो. पण किनारा शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि मोपा व दाबोळी हे दोन विमानतळ त्याच्या दोन वेगळ्या भागांत आहेत. दाबोळी मध्यावर, वास्कोजवळ. मोपा अगदी उत्तरेला, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या पठारावर. पाळोळे खाली दक्षिणेला, काणकोणात. मध्ये साधारण शंभर किलोमीटर. बॅगा आणि बाबागाडी हातात येऊन टॅक्सीत बसेपर्यंत पावणेअकरा वाजले. मडगाव येईपर्यंत थर्मासमधलं गरम पाणी संपलं. त्यापुढे करमल घाटाची वळणं लागली आणि थोरलीने आधी स्वतःच्या फ्रॉकवर, मग माझ्या ओढणीवर उलटी केली. बदलायचे कपडे डिकीतल्या मोठ्या बॅगेत, सगळ्यांत खाली. घाटात गाडी थांबवायला जागा नव्हती, म्हणून तशीच ओली पोर मांडीवर घेऊन मी बसले. पोहोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. स्वयंपाकघर केव्हाच बंद झालेलं, धाकटा भुकेने रडतोय. दुसरा अख्खा दिवस झोप काढण्यात गेला. तीन दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस असा हातचा गेला, आणि वाचले किती, तर माणशी सातशे रुपये.

त्यानंतर दरवर्षी जातोय. सासरचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, त्यामुळे गोवा चुकत नाही. दोन्ही विमानतळांवर मुलांना घेऊन उतरून झालंय. ओळखीतल्या घराघरांत त्याच त्या चुका होताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुक्काम ठरायच्या आधी तिकीट

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. आधी मुक्काम ठरवा, मग विमानतळ, आणि भाडं सगळ्यात शेवटी बघा. हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे या पट्ट्यात राहणार असाल तर डोळे मिटून मोपा. कोलवा, बाणावली, केळशी, आगोंद, पाळोळे असेल तर दाबोळी. कोलव्याला दाबोळीहून पंचवीसेक किलोमीटर पडतात, मोपाहून त्याच्या अडीच पटीहून जास्त. बोगमाळो तर दाबोळीच्या शेजारीच आहे.

पणजी, कांदोळी, कळंगुट, बागा या मधल्या भागात फारसा फरक पडत नाही. तिथे ज्या विमानाची वेळ मुलांना सोयीची ते घ्या. देवदर्शनाला फोंड्याकडे म्हणजे कवळे, मंगेशी, म्हार्दोळला जायचं असेल तर दाबोळी जवळ पडतं. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून पणजी ते दक्षिण गोवा हा रस्ता खूप सुधारलाय, आणि मोपालाही धारगळहून थेट जोडरस्ता झालाय. पण रस्ता कितीही चांगला असला तरी चौदा महिन्यांच्या बाळाला गाडीतले अडीच तास हे अडीच तासच असतात.

स्वस्त तिकिटाचा अर्धवट हिशेब

भाड्यातला फरक बघताना पूर्ण बेरीज करा. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याचं भाडं कमी असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. म्हणजे आमच्या घरी बचत धरायची ती तीन सीटवरची, एकवीसशे रुपये. त्यातून लांबच्या टॅक्सीचं जास्तीचं भाडं वजा करा, रात्र असेल तर रात्रीचा आकारही धरा. बहुतेक वेळा हातात काहीच उरत नाही.

टॅक्सीचं आणखी एक. पुण्या-मुंबईत हाताशी असतात त्या नेहमीच्या अ‍ॅपच्या गाड्या गोव्यात मिळतील असं गृहीत धरू नका. तिथे गोवामाइल्स हे तिथलं टॅक्सीचं अ‍ॅप आहे, विमानतळावर प्रीपेडचा काउंटर असतो, आणि मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी मागवता येते. मुलं बरोबर असतील तर मी तिसराच पर्याय घेते. चालकाचा नंबर आदल्या दिवशी घेऊन ठेवते आणि त्याला आधीच सांगते की मागच्या सीटचे पट्टे बाहेर काढून ठेवा. गाडीत लहान मुलाची वेगळी सीट तयार मिळेल अशी आशा ठेवू नका. हवी असेल तर घरूनच न्यावी लागते. दिवसाउजेडी उतरत असाल आणि सामान कमी असेल तर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचाही विचार करा. पण रांगत्या बाळाबरोबर मी तो करणार नाही.

वेळ आपल्या सोयीची, मुलांच्या नाही

ऑफिस सुटल्यावर निघायचं म्हणजे रजा वाचते, असं घरातल्या नोकरदार माणसाला वाटतं. माझ्या नवऱ्यालाही वाटायचं. पण विमान उतरण्याची वेळ हा हिशेबाचा शेवट नसतो. तिच्यापुढे सामानाला पाऊण तास, टॅक्सीचा रस्ता आणि चेक-इन धरा. ही बेरीज मुलाच्या जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेवर येऊन आदळत असेल तर ते विमान सोडा. दुपारी एक ते चारच्या मध्ये उतरणं मला सगळ्यात बरं वाटतं. खोली तयार असते, उजेड असतो, आणि वरणभात करून मागता येतो.

दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे, त्यामुळे तिथे हव्या त्या वेळेची विमानं मिळतातच असं नाही. मोपाला वेळा जास्त मिळतात. कधीकधी हेच कारण मोपाकडे ढकलतं, आणि मध्य गोव्यात राहणाऱ्यांनी त्याचा खुशाल फायदा घ्यावा. दाबोळी संरक्षण दलाचा तळ असल्याने तिथे उतरताना मुलांचे फोटो काढायचा मोह मात्र आवरा. पुण्याच्या लोहगावलाही तीच गोष्ट.

परतीचं तिकीट न वाचणं

तिकिटाच्या वेबसाइटवर नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. फरक एका अक्षराचा. (जीओए हा कोड तर इटलीतल्या जेनोआचा आहे.) जाताना दाबोळी आणि येताना मोपा असं तिकीट नकळत निघतं, आणि शेवटच्या दिवशी टॅक्सीवाला विचारतो, “कुठला एअरपोर्ट?” आमच्या ओळखीचं एक कुटुंब दोन मुलं आणि पाच बॅगांसह चुकीच्या विमानतळावर जाऊन उभं राहिलं. एकाहून दुसऱ्याकडे जायला दीड-दोन तास लागतात. विमान अर्थातच गेलं. तिकीट आलं की कोडला पेनाने गोल करा आणि तोच कागद टॅक्सीवाल्याला दाखवा.

मुंबईकरांना आता दुसऱ्या टोकालाही हे बघावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. पनवेल-खारघरवाल्यांची त्याने सोय झाली, पण बोरिवलीच्या घरी रात्री अकराला दमलेली मुलं घेऊन उलव्याहून यायचं म्हणजे परीक्षाच आहे.

येताना मुलाचा दुसरा वाढदिवस मध्ये येत असेल तर परतीला सीट लागते, हेही तिकीट काढतानाच बघा. आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला हातातल्या पिशवीत असू द्या.

मालवण-वेंगुर्ल्याला जाताना मोपा न सुचणं

नाव गोव्याचं असल्यामुळे सिंधुदुर्गात जाणाऱ्यांच्या ते ध्यानातच येत नाही. बांदा मोपापासून अगदी जवळ आहे. सावंतवाडी, शिरोडा, रेडी, वेंगुर्ला या भागासाठी मोपा फार सोयीचं. मालवण, तारकर्ली, देवबागला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सगळ्यात जवळचा. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. पण तिथे विमानं मोजकी आणि वेळापत्रक सारखं बदलतं. पावसाळ्यात मुलांना घेऊन तर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. तारखा पक्क्या असतील तर मोपाला उतरा. फक्त गाडी हद्द ओलांडून येणार का आणि किती घेणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आधी ठरवून घ्या.

चुकीचं तिकीट निघालंच असेल तर

आधी बदलाचं शुल्क विचारा. ते टॅक्सीच्या जास्तीच्या भाड्याहून कमी असेल तर बिनदिक्कत बदलून घ्या. नाहीतर प्रवास तोडा. रात्री मोपाला उतरून दक्षिणेला जायचं असेल तर म्हापसा किंवा पणजीत साधी खोली घ्या, मुलांना झोपवा, सकाळी नाश्ता करून निघा. पाळोळ्याच्या त्या रात्री आम्ही हेच करायला हवं होतं.

लांबचा रस्ता टळतच नसेल तर दोन्ही मुलांचा एकेक जोड कपडे, टॉवेल, प्लास्टिकच्या चार पिशव्या आणि पाणी पायाशी ठेवायच्या पिशवीत घ्या, डिकीत नको. थर्मास विमानतळावरून निघण्याआधी खाण्याच्या स्टॉलवर भरून घ्या. घाटाच्या आधी पोटभर दूध पाजू नका. विमान खाली येताना मात्र थोडं थोडं पाजत राहा, गिळण्याने कानाचे दडे सुटतात. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बाबागाडी विमानाच्या दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे चढतानाच विचारून ठेवा, म्हणजे झोपलेलं मूल किती वेळ कडेवर घ्यायचंय ते कळतं.

यंदा बाणावली आहे. दाबोळीचं दुपारी अडीचला उतरणारं विमान घेतलंय, माणशी सहाशे रुपये जास्त देऊन. चालकाचा नंबर घेऊन झाला, मऊ भाताचं सांगून झालं. साडेपाचला दोघं वाळूत असतील.