जठराच्या कर्करोगाचा धोका कमी करायचाय? मिरचीला दोष नको, मिठाचा डबा आवरा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची खानावळ आहे, बावीस वर्षं झाली. रोज चाळीस ताटं वाढताना पोटाबद्दलचे इतके सल्ले कानावर पडलेत की विचारू नका. कोण म्हणतं तांबडा रस्सा बंद करा, कोण म्हणतं उपाशीपोटी लिंबू-कोमट पाणी प्या, कोण सैंधवाची पुडी हातात देऊन जातं. सासरे जठराच्या कर्करोगाने गेले, तेव्हापासून मी हे मनावर घेतलं. आमच्या घरासकट सात-आठ स्वयंपाकघरांतलं मीठ आजवर खाली आणलंय. त्यामुळे लिंबू-पाण्याची गोष्ट मला सांगू नका.

आधी मिरचीचं सांगते. कोल्हापूरचं नाव निघालं की जो तो मिरचीकडे बोट दाखवतो. ती जळजळ करते, खरंय. पण जठराच्या कर्करोगात मिठाविरुद्ध जितका भक्कम पुरावा आहे, तितका मिरचीविरुद्ध नाही. खूप खारट खाणं रोजचंच झालं की जठराचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचं फावतं. मग तिथली सूज वर्षानुवर्षं मुरत राहते. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात हा कर्करोग भराभर उतरला, त्यामागच्या कारणांत घरोघरी आलेला फ्रीजही आहे. अन्न टिकवायला मीठ आणि धूर लागेनासे झाले. आपल्याकडे मिझोराममध्ये हा आजार फार. तिथे धुरावलेलं मांस, मुरवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी ही जुनी सवय.

आता काम. मिठाची नवी पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. चौघांच्या घरात किलोची पुडी किमान ५० दिवस पुरायला हवी. फरसाण, पापड, पाव, भडंग यांतलं मीठ वेगळं, म्हणून खरं तर त्याहून जास्त. आमच्या घरची पहिली पुडी २६ दिवसांत संपली होती. माणशी साडेनऊ ग्रॅम! आणि मी स्वतःला कमी मिठाची समजत होते.

डब्यातला मोठा चमचा काढून चहाचा ठेवा. चिमटीने, मुठीने मीठ टाकणं बंद. ताटात वाढायचं मीठ बंद. सैंधव आणून काही होत नाही, तेही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा त्रास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

इथवर कुणालाही जमतं. घोडं अडतं ते चटणीपाशी.

आपल्या कांदा-लसूण चटणीला लोक तिखट म्हणतात, पण ती खारटही तितकीच असते. आमच्याकडे किलो मिरचीला पाव किलो खडेमीठ पडायचं. कांदा, खोबरं, लसूण, मसाले सगळं धरून चटणीचा दहावा हिस्सा नुसतं मीठ. आणि आपण काय करतो? आमटीत आधी सवयीने मीठ टाकतो, मग दोन चमचे चटणी. म्हणजे मीठ दोनदा, आणि दुसरं मोजलंच जात नाही.

हे कळल्यावर मी शहाणपणा केला. त्या वर्षी मे महिन्यात डंकावर चटणी कुटून आणताना मीठ थेट निम्मं केलं. बाकी सगळं तेच, बरणी तीच, जागा तीच. श्रावणात बरणीचा दादरा सोडला तर कुबट वास आला. कडेला राखाडी कापसासारखं काहीतरी धरलेलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगं वरचं खरवडून टाक, खालचं चांगलं हाय की." अजिबात नको! बुरशीचे तंतू दिसतात तेवढेच नसतात, ते आत गेलेले असतात. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताच्या कर्करोगाचं कारण आहे. जठर वाचवायला निघाले आणि यकृत पणाला लावून बसले असते. पाच किलो चटणी खड्डा खणून पुरली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

तेव्हा नीट ऐका. बरणीतलं मीठ चवीसाठी नसतं, ते राखणीला असतं. राखणदार काढायचा तर दुसरा ठेवावा लागतो, आणि तो फ्रीज आहे. दोन उन्हाळे चुका करून बसवलेली रीत अशी: मिरची आणि भाजलेला कोरडा मसाला उन्हात कडकडीत वाळवून बिनमिठाचा कुटून आणायचा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचा. कांदा, लसूण, खोबरं, कोथिंबीर यात घालायची नाही, ओल तिथूनच येते. दर आठवड्याला त्यातला लागेल तेवढा मसाला काढून कांदा-खोबरं भाजून, लसूण घालून वाटायचं, अगदी थोडं मीठ घालायचं आणि काचेच्या बाटलीत फ्रीजला ठेवायचं. आठवड्यात संपवायचं. वर्षाची चटणी एकदम करायचा हट्ट असेल तर मीठ नेहमीइतकंच घाला, पण मग आमटीत वरून मीठ घालू नका. आधी चटणी, मग उकळी, मग चव, आणि लागलंच तर चिमूटभर. हा क्रम मोडला की सगळं मुसळ केरात.

जीभ लगेच ऐकत नाही. एकदम निम्मं केलंत तर घरातली माणसं चौथ्या दिवशी बाहेर मिसळ खायला जातील. दर दहा दिवसांनी थोडं थोडं कमी करा आणि कुणाला सांगू नका. दीड-दोन महिन्यांत जुनी आमटी खारट लागायला लागते. खानावळीतल्या पोरांना तर मी सांगितलंच नाही; एकानेही विचारलं नाही.

रस्स्याचं गणित सोपं आहे. दीडशे मिलीच्या वाटीत दीड ग्रॅम मीठ धरा. चार वाट्या ओरपल्या की दिवसाचा कोटा उलटला. मटण खा, रस्सा दोन वाट्यांवर थांबवा. तांबडा-पांढरा वाद नको, दोन्हींत मीठ तेवढंच.

या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण मात्र चुलीजवळ नाही. ते म्हणजे पायलोरी जिवाणू. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला, त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. मार्शलने तर पटवून द्यायला जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं होतं! १९९४ पासून हा जिवाणू कर्करोगकारक म्हणून अधिकृत यादीत आहे. ज्यांना तो होतो त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण आई, वडील किंवा भावंडाला हा कर्करोग झाला असेल, किंवा अल्सर असेल, तर डॉक्टरांना तपासणीबद्दल विचाराच. श्वासावरून किंवा शौचावरून करतात. आम्ल कमी करायच्या गोळ्या चालू असताना तपासणी केली तर जिवाणू असूनही अहवाल चांगला येऊ शकतो; त्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद लागतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. उपचाराचा कोर्स बहुतेकदा चौदा दिवसांचा. आमच्या यांनी पाचव्या दिवशी सोडला, का तर तोंडाला तांब्याचं नाणं चघळल्यासारखी चव येते. पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या गोळ्यांवर सुरू करावं लागलं. कोर्स झाल्यावर निदान चार आठवडे थांबून जिवाणू गेला का, हे परत तपासायचं असतं. ते बहुतेक जण विसरतात.

बाकीचं थोडक्यात. सिगारेट-बिडी जठरालाही लागते. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, फोन करा. दारूचे रोजचे तीन पेग म्हणजे धोका वाढलाच. पोटाचा घेर वाढला की जठराचा वरचा, अन्ननलिकेजवळचा भाग धोक्यात येतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ताजी भाजी, फळं मिळतात. ती घ्या, लोणच्याने ताट भरू नका.

आणि पित्त म्हणून खायचा सोडा किंवा गोळी घेत बसू नका. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी डांबरासारखी शौच, घास अडकणं, सारखी उलटी, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते घरी ठरवू नका. सासरे आठ महिने सोडा घेत होते. आपलं वजन उतरतंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पँटच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने तीन नवी भोकं पाडली होती, ती आम्ही त्यांचे कपडे आवरताना पाहिली.