आरसी गाडीचा चार्जर घेताना अँपिअर नव्हे, वॅट बघा

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीसोबत आलेला चार्जर एक अँपिअरचा. 5000 एमएएच क्षमतेचा, टू-सेल म्हणजे दोन सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅक भरायला त्याला पाच तासांहून जास्त लागायचे. रविवारची सकाळ वाट बघण्यातच जायची. नवा घ्यायला गेलो तर दुकानदार खोक्यावरचा '10 अँपिअर' पुढे करत होता. मी वॅट विचारले.

लायपो साधारण 1सी दराने, म्हणजे तासाला क्षमतेइतक्या करंटने भरतात; 5000 एमएएचला 5 अँपिअर. भरत आल्यावर सेलमागे 4.2 व्होल्ट, दोघांचे 8.4. गुणाकार 42 वॅट. 50 वॅटचा चार्जर तिथे जेमतेम सहा अँपिअर देतो, खोक्यावर काहीही छापू देत! पुढेमागे थ्री-सेल घेतला तर 63 वॅट लागणार, म्हणून 80चा उचलला. पॅक आता तास-सव्वातासात भरतो.

पॅकचा पांढरा बॅलन्स प्लग, ज्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरतो, तो मात्र दरवेळी जोडायचाच. एखादा सेल 4.2च्या वर गेला तर फुगतो, पेटही घेऊ शकतो. जुन्या निकेल पॅकसाठी चार्जरच्या मेनूत एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) मोड आहे. त्या मोडवर लायपो कधीच नाही. आठवडाभर गाडी चालणार नसेल तर स्टोरेज मोड, म्हणजे पॅक अर्धवट भरून ठेवायचा, सेलमागे 3.8 व्होल्ट. आणि चार्जिंग फरशीवर, समोर बसून. गादीवर तर मुळीच नको.