सुपरचार्जरवर मिथेनॉल मारायचं? आधी कागद-पेन्सिल घ्या

"मामा, मिथेनॉल किट बसवायचंय. किती घ्याल?"

असा प्रश्न आला की मी दर सांगत नाही. (किट म्हणजे टाकी, पंप आणि नोझल: इंजिनात जाणाऱ्या हवेवर मिथेनॉल-पाण्याचा फवारा मारून ती थंड करायची. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच जोरावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंप, त्यालाच ब्लोअर म्हणतात.) आधी विचारतो, लेका, तुझ्या गाडीला नेमकं काय झालंय? बहुतेक पोरांना ते सांगता येत नाही. व्हिडिओ बघितलेला असतो, किटची किंमत काढलेली असते आणि खिशात पैसे असतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथ आणि इंजिनचं काम. त्यामुळं सांगतोय ते पुस्तकी कमी आणि टेबलावरचं जास्त आहे. इचलकरंजीचा एक पोरगा जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर घेऊन आलाय, ती उदाहरणाला धरू. १.८ लिटरचं इंजिन, कंपनीतून १८४ अश्वशक्ती. यानं ब्लोअरची पुली बारीक करून घेतली (म्हणजे तो जास्त जोरात फिरतो), ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, मॅप बदलला, आणि आता त्याची तक्रार अशी, "सकाळी गाडी लई भारी पळत्या, दुपारी पार म्हातारी होत्या." म्हणजे गरम हवेनं इंजिनमध्ये नॉकिंग सुरू होतंय (पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप भडकतंय) आणि ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं खेचतोय. मिथेनॉलचा विचार करायला हे कारण बरोबर आहे. पण विचार करणं वेगळं आणि किट बसवणं वेगळं.

हवा किती तापते ते आधी काढू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. इथं हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास, मुंबईत १०१. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश धरा आणि बूस्ट (ब्लोअरनं चढवलेला जादा दाब) ८ पीएसआय, म्हणजे ५५ किलोपास्कल. दाबाचं गुणोत्तर १.५८ आलं. ब्लोअर शंभर टक्के कार्यक्षम असता तर हवा ४३-४४ अंशांनी तापली असती. पण साधा रूट्स (दोन रोटर हवा पुढं ढकलतात तो) ब्लोअर ५५ टक्क्यांवर चालतो असं धरलं, तर वाढ ७९ अंशांची. म्हणजे ब्लोअरच्या तोंडाशी हवा ११७ अंशांवर. ट्विन-स्क्रू किंवा सेंट्रिफ्युगल (ब्लोअरचे दुसरे प्रकार) असेल आणि कार्यक्षमता ७० टक्के मिळत असेल तर १०० अंश. पुढं इंटरकूलर (ही तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) त्यातली किती उष्णता काढतो यावर सगळा खेळ. म्हणून किट मागणाऱ्याला मी पहिलं काम देतो ते लॉगिंगचं, म्हणजे गाडी पळताना सेन्सरचे आकडे नोंदवायचं. भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, आणि इंटेक हवेचं तापमान, टायमिंग, नॉक आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) एकाच फाइलमध्ये. हे रिकाम्या ट्रॅकवर नाहीतर डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) करायचं, शिरोलीच्या हायवेवर नाही.

लॉगमध्ये तापमान हळूहळू चढत जाऊन वरच राहिलं तर दुखणं इंटरकूलरचं आहे. पाण्यावर चालणारा इंटरकूलर असेल तर त्याचा पंप फिरतोय का, पुढच्या रेडिएटरमध्ये चिखल-पाचट भरलंय का, पाण्यात हवा अडकलीय का, एवढं बघा. उसाच्या हंगामात आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरमधून काय काय निघतं ते एकदा येऊन बघा. नुसती साफसफाई आणि चांगला पंप एवढ्यावर काम झालं तर मी किटचं नावसुद्धा काढू देत नाही.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यानं नॉकिंगविरुद्ध थोडा फायदा तसाही मिळतो. मोठ्या शहरांतल्या ठराविक पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी). ट्रॅकवर वर्षातून एखाद-दोनदा जाणार असाल तर ते भरून नेणं हे टाकी, पंप, नळ्या आणि कंट्रोलर यांच्यापेक्षा स्वस्त आणि बिनघोर. स्पार्क प्लग एक पायरी थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), हे तर पुली बदलली त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

एवढं करून टायमिंग मागंच येत असेल तर पुढं वाचा.

फवाऱ्याचं काम बाष्पीभवनाचं. एक किलो पाणी वाफ होताना साधारण २,२५० किलोजूल उष्णता ओढतं, मिथेनॉल ११०० च्या आसपास आणि पेट्रोल जेमतेम साडेतीनशे. म्हणजे थंड करण्यात खरा पैलवान पाणीच. मिथेनॉलचे गुण वेगळे. त्याचं ऑक्टेन १०९ च्या घरातलं, ते ६५ अंशांच्या आतच उकळतं म्हणून हवेत लवकर उडतं, आणि ते स्वतः इंधन असल्यानं पाण्यामुळं ज्वलन मंदावतं ती कसर भरून निघते. दोन्ही निम्मं-निम्मं घ्यायची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ विमानांत एमडब्ल्यू ५० नावाचं मिश्रण वापरायचे, निम्मं मिथेनॉल, जवळजवळ निम्मं पाणी आणि गंज न चढण्यासाठी थोडं तेल. ती इंजिनंही सुपरचार्जरवालीच.

पण माझं मत विचाराल तर रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला निव्वळ पाणी. बीएमडब्ल्यूनं एम४ जीटीएसला फवारा दिला तोही साध्या पाण्याचाच. पाण्याला परवाना लागत नाही, ते पेटत नाही, आणि पोरानं चुकून हात घातला तर काही होत नाही. मिथेनॉलचं तसं नाही. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, तीस मिलिलिटरमध्ये माणूस जाऊ शकतो. कातडीतून आणि वाफेतूनही ते अंगात शिरतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळंच. म्हणूनच त्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर विषारी पदार्थांच्या कायद्याचे निर्बंध आहेत. परवाना असलेल्या विक्रेत्याकडून, कशासाठी हवं ते लिहून देऊन घ्यायचं. "मामा, ओळखीनं एक कॅन मिळतोय" म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. आणि "साखर कारखान्याचं स्पिरिट चालेल का?" असंही विचारू नका. तंत्राच्या हिशेबात इथेनॉल चालतं, पण त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं लक्ष मिथेनॉलपेक्षा कमी नाही.

जळताना मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, हे ट्रॅकवर सोबत येणाऱ्या मित्रालाही सांगून ठेवा. भरपूर पाणी ओतून ती विझते. पाणी घातलेलं मिश्रणसुद्धा आपल्या उन्हाळ्यात पेट घेऊ शकतं. कॅनवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा, ओतायचं नाही.

कायद्याची आणखी एक बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. विमा कंपनीही मग हात वर करते. तेव्हा हे सगळं ट्रॅकच्या गाडीसाठी चाललंय असं समजून वाचा.

आता फवारा किती, ते. इचलकरंजीच्या पोराला २२० अश्वशक्ती हवीय. सुपरचार्जरवालं इंजिन पूर्ण जोरात तासाला दर अश्वशक्तीमागं साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. म्हणजे मिनिटाला एक किलो, लिटरमध्ये १.३५ च्या आसपास. फवारा त्याच्या १० ते २० टक्के धरतात. मी १५ पासून सुरू करतो, म्हणजे मिनिटाला २०० सीसी. निम्म्या-निम्म्या मिश्रणात त्यातलं १०० सीसी मिथेनॉल, वजनानं ७९ ग्रॅम. मिथेनॉलला हवा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी लागते, त्यामुळं पेट्रोलच्या भाषेत ते फक्त ३५ ग्रॅम होतं. साडेतीन टक्के. म्हणून मिश्रण लावून इंधन फारसं कमी करायची गरज पडत नाही. लॅम्डा थोडा खाली येईल (म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त होईल) तेवढाच सुधारायचा. शुद्ध मिथेनॉलला हाच आकडा दुप्पट होतो. सगळा फवारा हवेतच उडाला तर हवा २६-२७ अंशांनी उतरेल. खरं तर बराचसा सिलिंडरमध्ये जाऊन उडतो, आणि नॉकिंगला तिथंच जास्त मार बसतो.

नोझलवर लिहिलेला आकडा बहुधा १०० पीएसआयचा असतो. पंप १५० देत असेल आणि समोरून बूस्ट ८ ढकलत असेल तर फरक १४२. फवारा दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो, म्हणजे १.१९ पट. तेव्हा २०० सीसीसाठी १७० च्या जवळचं नोझल. बसवण्याआधी साधं पाणी भरून मोजपात्रात मिनिटभर मारून बघा, पाकिटावरच्या छापील आकड्यावर जाऊ नका. टाकीचा हिशेब सोपा. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये निम्मा वेळ पूर्ण थ्रॉटल धरला तर दोन लिटर. पाच लिटरची टाकी पुष्कळ झाली.

सुपरचार्जरवाल्यांनी टर्बोवाल्यांची (टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो) नक्कल केली की घोटाळा होतो तो कंट्रोलरपाशी. स्वस्त कंट्रोलर बूस्ट बघून फवारा वाढवतो. टर्बोला आणि सेंट्रिफ्युगलला ते बऱ्यापैकी जमतं, कारण तिथं बूस्ट आणि हवा जोडीनं चढतात. रूट्स किंवा स्क्रू ब्लोअर मात्र २,५०० आरपीएमलाच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतो. तेव्हा इंजिन पीत असलेली हवा ६,००० आरपीएमच्या निम्म्याहून कमी असते. कंट्रोलर बूस्ट बघून पूर्ण फवारा मारणार आणि गाडी गचके खाणार. अशा गाडीला इंजेक्टर ड्यूटी (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते) किंवा हवामापक सेन्सर वाचणारा कंट्रोलरच घ्या. इथं पैसे वाचवू नका.

नोझल कुठं? सेंट्रिफ्युगल असेल तर ब्लोअर आणि इंटरकूलर संपल्यावर, थ्रॉटलच्या आधी. ब्लोअरच्या आधी मारलं तर थेंब इम्पेलरची पाती खातात. इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच असलेल्या रूट्स ब्लोअरला ब्लोअरनंतर जागाच नसते. मग आधी मारावं लागतं, आणि तिथं एक धोका बसलेला असतो. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असेल तर त्याच्या मागं, गाडी उभी आणि इंजिन नुसतं सुरू असताना, व्हॅक्यूम असतो. नोझल त्या जागी असलं तर पंप बंद असतानाही टाकीतलं पाणी ओढलं जातं. टाकी डिकीत नोझलपेक्षा उंच बसवली असेल तर रात्रभर थेंबथेंब गळून सिलिंडरमध्ये साठू शकतं, आणि सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकलाच. म्हणून नोझलच्या अगदी जवळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर मी विसंबत नाही. हवेच्या तापमानाचा सेन्सर फवाऱ्यात भिजू देऊ नका. भिजला तर तो खोटं थंड सांगतो आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवून टायमिंग पुढं नेतो.

आता या सगळ्यातली खरी गोष्ट, जिच्यासाठी मी पोरांना परत पाठवतो. फवारा थांबला तर काय? टाकी संपली, नोझलमध्ये कचरा आला, पंपाची वायर सुटली, काहीही. टर्बोला वेस्टगेट (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वगळून सोडणारी झडप) उघडून बूस्ट उतरवता येतो. तुझा बूस्ट पुलीनं ठरवलाय, इंजिन फिरतंय तोवर तो येणारच. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर गाडी आली. टर्बो होता, कॉम्प्रेशन १०.२५ होतं आणि नॉकिंग थोपवायला पाणी-मिथेनॉलची टाकी. द्रव संपला की बूस्ट रोखणारी झडपही त्यांनी दिली होती. मालक टाकी भरायलाच विसरायचे, आणि शेवटी कंपनीनंच पुढं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर लावून द्यायची सोय केली. म्हणून माझी अट अशी: फवारा बंद असताना इंजिन सुरक्षित राहील असा मूळ मॅप आधी बनवायचा. फवाऱ्याचा मॅप वेगळा. नळीत फ्लो सेन्सर, टाकीत तळाला फ्लोट. प्रवाह ठरलेल्या हद्दीखाली आला की ईसीयूनं त्या क्षणी मूळ मॅपवर यायचं, बायपास व्हॉल्व्ह (ब्लोअरची हवा परत फिरवून बूस्ट उतरवणारी झडप) त्याच्या ताब्यात असेल तर तो उघडायचा आणि आरपीएम रोखायचे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे संरक्षण नव्हे. तो दिसेपर्यंत पिस्टनचा काठ गेलेला असतो. ईसीयूला दोन मॅप ठेवता येत नसतील तर किट घेऊ नका.

जोडणी झाली की पहिले काही दिवस टाकीत फक्त डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. बोअरचं पाणी घालाल तर क्षारांनी नोझल बंद होईल. टायमिंगला हात न लावता लॉग घ्या. नॉक कमी दिसला पाहिजे, ताकद किंचित उतरली तरी चालेल. मग एकेक अंश टायमिंग पुढं, दर वेळी लॉग, आणि ताकद वाढायची थांबली की तुम्हीही थांबा. मिश्रण लागलंच तर त्यानंतर. मग मुद्दाम परीक्षा: डायनोवर अर्ध्या जोरात असताना पंपाचा फ्यूज ओढा. टायमिंग आपोआप मागं आलं नाही तर गाडी डायनोवरून उतरवायची ती वायरिंग सुधारायलाच.

ट्रॅकवरून परत आल्यावर टाकी रिकामी करून साध्या पाण्यानं नळ्या धुऊन काढा. मिश्रण तसंच राहिलं तर ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वेळी ती थेट नोझलच्या गाळणीत जाऊन बसते. गाळणीची किंमत किरकोळ असते, दर हंगामाला नवी टाका. ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला.

इचलकरंजीच्या पोराच्या गाडीचा इंटरकूलर चिखल-पाचटानं बुजलेला निघाला. साफ करून दिलाय. किटचं बघू, तो मेच्या दुपारचा लॉग घेऊन आला की.