जुन्या पिनबॉल यंत्राचा मंदावलेला फ्लिपर दुरुस्त करताना

गोव्यात पावसाळाभर बंद राहिलेले जुने पिनबॉल यंत्र सुरू केले की बहुधा पहिली तक्रार फ्लिपरची, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्या छोट्या दांडीची, असते: तो उठतो, पण चेंडू वरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) नळीत तेलाचा थेंब सोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ही नळी आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, कोरडेच चालायला हवेत, कारण तेलात धूळ मिसळून चिकटा तयार होतो आणि दमट हवेत तो अधिकच घट्ट बसतो.

काम सुरू करण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग भिंतीतून काढावा. अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ते स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय कधीही जोडू नये. मग चेंडू काढून, काच बाजूला ठेवून खेळपट (चेंडू फिरतो तो फळा) उचलावा आणि तो आधारावर पक्का टेकवावा.

फ्लिपर हाताने हलवून पाहावा. तो अडखळत असेल, तर कॉइलचा स्टॉप (प्लंजरला अडवणारा तुकडा) सोडवून प्लंजर बाहेर काढावा. वर्षानुवर्षे स्टॉपवर आदळून प्लंजरचे टोक पसरते आणि ती कड नळीला खरवडते. कड थोडीच पसरली असेल तर बारीक कानशीने गोल करावी, अन्यथा प्लंजर आणि स्टॉप दोन्ही बदलावेत. नळी मात्र प्रत्येक वेळी नवी घालावी, असे माझे ठाम मत आहे. ती स्वस्त असते आणि तिच्यामुळे पडणारा फरक लगेच जाणवतो.

खरी मेख बहुतेकदा फ्लिपरची हालचाल संपते तिथे काम करणाऱ्या स्विचमध्ये असते. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोरदार फटक्यासाठी आणि दुसरी फ्लिपर वर धरून ठेवण्यासाठी. अनेक जुन्या यंत्रांत फ्लिपर विसाव्याला असताना या स्विचची टोके जुळलेली असतात आणि फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर ती उघडून प्रवाह तुटतो. त्यामुळे त्याच्या टोकांवर काजळी किंवा गंज चढला, की फटक्याच्या गुंडाळीला पुरेसा प्रवाह मिळत नाही. उलट तो उघडलाच नाही, तर बटण दाबून ठेवताच कॉइल तापून जळते. ही टोके टंगस्टनची असल्यास छोट्या कानशीने हलकेच घासावीत आणि पाती वाकवून फ्लिपर वर असताना दीड ते तीन मिलिमीटर फट राहील असे पाहावे. सोन्याचा मुलामा असलेल्या टोकांना मात्र कानस लावू नये. त्यांच्यामधून फक्त स्वच्छ कागदाची पट्टी ओढावी.

जळालेली कॉइल मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे देताना तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मूळचीच ठेवायला सांगावे, तसेच कॉइलवरचा क्रमांक आधी लिहून घ्यावा.

जोडणी झाल्यावर फ्लिपरच्या बुशिंगजवळ (त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीजवळ) किंचित सैलपणा ठेवून बोल्ट आवळावा आणि स्प्रिंग फ्लिपरला पूर्ण खाली आणते का, हे वीज जोडण्याआधी तपासावे.