यूआरएलमधून वेबपानाला माहिती कशी द्यावी

एका पानावरून दुसऱ्या पानाला शोधशब्द किंवा पानाचा क्रमांक यांसारखी छोटी माहिती द्यायची असेल, तर ती पत्त्याच्या शेवटी क्वेरी पॅरामीटर म्हणून जोडणे सर्वांत सोपे असते. पहिल्या प्रश्नचिन्हानंतर क्वेरी सुरू होते, नाव आणि मूल्य यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह येते आणि दोन जोड्यांच्या मध्ये '&' येतो; उदाहरणार्थ, '/यादी?शब्द=पाऊस&पान=2'. '#' नंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नसल्यामुळे पॅरामीटर त्याच्या आधीच लिहावेत.

खरा घोळ मूल्यांमध्ये होतो. वापरकर्त्याने 'ऊन&पाऊस' असे शोधले आणि ते जसेच्या तसे पत्त्याला चिकटवले, तर सर्व्हरला शब्द म्हणून केवळ 'ऊन' मिळतो आणि 'पाऊस' हे भलतेच, मूल्य नसलेले पॅरामीटर ठरते. म्हणून मूल्यातील '&' च्या जागी '%26' जावे लागते. देवनागरी अक्षरांचेही असेच रूपांतर होते: यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट तीन वर्णांत लिहिला जातो, त्यामुळे 'पाऊस' मधील चार चिन्हांचे ३६ वर्ण होतात. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत सुटसुटीत दिसणारा पत्ता कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केल्यावर अनेकदा लांबलचक होतो, तो यामुळेच.

हे रूपांतर हाताने करू नये. जावास्क्रिप्टमध्ये 'यूआरएलसर्चपॅराम्स' हा ऑब्जेक्ट तयार करून 'सेट' ने जोड्या भराव्यात आणि 'टूस्ट्रिंग' ने तयार क्वेरी घ्यावी. वाचताना 'गेट' वापरावे. पॅरामीटर नसेल तर 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') मिळतो, आणि एकाच नावाची अनेक मूल्ये असतील तर 'गेटऑल' लागते.

मिळालेले मूल्य नेहमी मजकूरच असते, त्यामुळे 'पान' 2 असताना त्यात थेट 1 मिळवल्यास 3 ऐवजी 21 हाती येतात. आधी 'नंबर' ने त्याची संख्या करावी. मात्र त्याला देवनागरी '२' कळत नाही आणि उत्तर 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') येते, हे मराठी संकेतस्थळे करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पत्ता कोणीही बदलू शकतो, म्हणून मूल्य सर्व्हरवर पुन्हा तपासावे आणि पानावर दाखवताना मूल्याला एचटीएमएल समजणाऱ्या 'इनरएचटीएमएल' ऐवजी ते साधा मजकूर म्हणून दाखवणारे 'टेक्स्टकंटेंट' वापरावे. नाहीतर कोणीतरी मूल्यातूनच घातक कोड घुसवू शकतो. पासवर्ड किंवा टोकन (लॉगिनची ओळख पटवणारा गुप्त संकेत) पत्त्यात मुळीच घालू नये, कारण तो ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा राहतो.