सेफ्टी रेझर अडखळतोय, केस ओढतोय? या चुका टाळा

नवं ब्लेड लावूनही रेझर गालावरून सरकताना कर्रकर्र करत अडखळत असेल, हनुवटीवर केस कापले न जाता ओढले जात असतील, तर बहुतेक जण ब्लेडच्या धारेला दोष देऊन दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणतात. जुन्या ब्लेडच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण पहिल्याच दाढीला असं होत असेल, तर आधी ब्लेड किती घट्ट धरलं गेलंय ते बघा.

डबल एज, म्हणजे दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड जेमतेम 0.1 मिमी जाड असतं, म्हणजे जवळपास दाढीच्या एका केसाएवढं. त्याला स्वतःचा ताठपणा फारसा नसतोच. असं ब्लेड आणि त्याचा रेझर बाजारात आणणारे किंग जिलेट यांना 15 नोव्हेंबर 1904 रोजी अमेरिकेत मिळालेल्या पेटंटचा गाभाच हा आहे: ब्लेड इतकं पातळ आणि लवचिक ठेवायचं की त्याच्या धारेला ताठपणा बाहेरच्या आधारातून मिळाला पाहिजे. हा आधार म्हणजे वरची कॅप आणि खालची बेसप्लेट. हँडल आवळलं की या दोघांमध्ये ब्लेड कमानीसारखं वाकतं, आणि त्या बाकामुळे धार लांबीच्या दिशेने ताठ होते. म्हणून ब्लेडचा कडकपणा पाकिटावर शोधू नका, रेझरच्या डोक्यात शोधा.

रेझर अडखळतो तो धारेच्या थरथरीमुळे. ती होते कशी, तेही नीट समजून घ्या. कॅप आणि प्लेटची पकड जिथे संपते तिथून धारेपर्यंत ब्लेडची एक पट्टी मोकळी असते. टेबलाच्या कडेवरून फूटपट्टी जितकी बाहेर काढाल तितकी ती जास्त हलते, तसंच हे. हिशेब घनाचा आहे: मोकळी पट्टी दुप्पट झाली, तर तेवढ्याच जोराला धार आठपट वाकते. केसाला टेकल्यावर धार मागे दबते, केस तुटला की झटकन पूर्वपदावर येते आणि पुढच्या केसावर पुन्हा तेच. या मागे-पुढे होण्यात धारेचा कोन सतत बदलत राहतो. म्हणून एकाच फटक्यात कुठे खुंट राहतात, तर कुठे कातडीला चीर पडते.

हँडल सैल ठेवणं

सर्वांत जास्त त्रास या चुकीचा. हँडल अर्धा फेरा सैल केलं की दाढी जास्त साफ होते, असा सल्ला जुन्या तीन भागांच्या रेझरबद्दल अजूनही ऐकू येतो. सैल केल्यावर धार आणि प्लेटची कड यांच्यातली फट वाढते हे खरं, पण त्याच क्षणी पकड सुटते आणि कमानही सपाट होऊ लागते. वाढलेल्या फटीबरोबर हलणारी धार म्हणजे जखमेला आमंत्रण. जास्त आक्रमक दाढी हवी असेल तर तशी बेसप्लेट घ्या किंवा फट कमी-जास्त करता येणारा रेझर घ्या.

आवळायचं ते बोटांनी, फिरेनासं होईपर्यंत. पक्कड लावू नका. बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. त्यांच्या कॅपचा आटे पाडलेला दांडा जास्त जोर लावला की तुटतो. दाढीच्या मध्ये, पहिला हात संपल्यावर, हँडल एकदा तपासा. साबणाच्या ओल्या बोटांनी धरताना ते नकळत उलटं फिरतं.

ब्लेड तिरकं बसवणं

कॅप उताणी करून तळहातावर ठेवा. तिच्या दांड्यावर आणि पिनांवर ब्लेड बसवा, वर बेसप्लेट ठेवा. मग कॅप आणि प्लेट आखूड बाजूंनी, म्हणजे जिथे धार नाही तिथे, चिमटीत घट्ट दाबून धरा आणि दाब न सोडता हँडल आवळा. ही चिमूट महत्त्वाची आहे. भोकं आणि पिना यांच्यात किंचित मोकळीक असतेच. दाब नसेल तर आवळताना ब्लेड तेवढ्यात तिरकं होतं.

बसवल्यावर रेझर डोळ्यांच्या पातळीवर, उजेडाकडे धरा आणि वरून बघा. कॅपच्या दोन्ही बाजूंना धारेची चकाकती रेघ सारखी दिसली पाहिजे. एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक, किंवा एका टोकाला रुंद होत गेलेली दिसली तर सैल करून पुन्हा बसवा. जी बाजू जास्त बाहेर आहे ती थरथरेल आणि कापेल, आत गेलेली बाजू नुसती फिरत राहील. एकच बाजू त्रास देत असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं, धार नव्हे.

मेण, साबण आणि क्षार

काही ब्लेडवर वेष्टणाला चिकटवण्यासाठी मेणाचे ठिपके असतात. ठिपका प्लेटखाली राहिला तर ब्लेड तिथे पूर्ण टेकत नाही. बसवण्याआधी ब्लेड आखूड कडांनी धरून गरम पाण्याखाली धुवा, धार पुसू नका. रेझरच्या आत साबणाचा थर जमतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर पांढरा क्षारही. दर वेळी ब्लेड बदलताना जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन प्लेटची आतली बाजू घासा. हट्टी क्षाराला पाणी मिसळलेलं व्हिनेगर फडक्याने लावा, दोन मिनिटांत धुऊन काढा. मुलामा उडालेला रेझर त्यात भिजत ठेवू नका.

कोरडी दाढी, जादा दाब, चुकीचा कोन

कोरडा केस कापायला खूप जोर लागतो आणि तो सगळा जोर त्या मोकळ्या पट्टीवर येतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजू द्या, मग फेस. एवढ्याने अनेकांची थरथर थांबते.

दाब मात्र देऊच नका. रेझरचं वजन पुरेसं असतं. दाबल्याने कातडी फटीत फुगते आणि धार अजून मागे वाकते. आधी कॅप गालाला टेकवा, मग हँडल हळूहळू खाली आणा. धार कापायला लागली की तोच कोन, साधारण 30 अंश. हँडल फार खाली गेलं तर धार कापण्याऐवजी खरवडते. फक्त हनुवटीखालीच अडखळत असेल तर बहुधा तिथे मनगट वळताना कोन बिघडतोय. कातडी ताणा आणि इंचभराचेच फटके मारा.

ब्लेडखाली दुसरं ब्लेड घालणं

जुन्या ब्लेडच्या धारा कापून ते खाली अस्तर म्हणून घालतात, त्यामुळे ताठपणा वाढेल या समजुतीने. अस्तर धारेच्या बरंच अलीकडे संपतं, म्हणून मोकळ्या पट्टीला आधार मिळत नाही. फट तेवढी वाढते. शिवाय कात्रीने कापलेली कड वळलेली राहून ब्लेड उचलते. हे टाळाच.

सगळं बरोबर, तरी थरथर

मग रेझरची रचना तपासा. आखूड बाजूने, भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून डोकं पाहा. काही रेझरमध्ये प्लेट ब्लेडला मध्यापाशीच दाबते आणि धारेजवळ पोकळी राहते. काहींत ती धारेच्या अगदी जवळपर्यंत टेकते. दुसरी रचना घ्या. धारेला पीळ देणारे तिरके रेझरही ब्लेड चांगलं ताठ करतात, पण हात बसेपर्यंत ते जपून वापरावे लागतात. दाढी फारच राठ असेल तर एका धारेचे रेझर बघा. त्यांतलं जेम जातीचं ब्लेड 0.23 मिमी जाड असतं. ताठपणाही जाडीच्या घनाने वाढत असल्याने, तेवढीच पट्टी मोकळी असताना ते डबल एजपेक्षा सुमारे बारापट ताठ भरतं.

पहिल्या तीन-चार दाढ्या छान होऊन मग दोन्ही बाजूंनी सारखंच ओढायला लागलं, तर मात्र ब्लेड संपलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 2020 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की तिरक्या वाकलेल्या केसामुळे धारेचे बारीक टवके उडतात. असं ब्लेड घट्ट आवळून सुधारत नाही. जुन्या पाकिटात गुंडाळून टाका आणि नवं लावताना ती चिमूट विसरू नका.