लेह ते पोर्ट ब्लेअर: विमानप्रवासाचा हिशोब करताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत ‘एकाच खेपेत बर्फही बघू आणि समुद्रही’ म्हणणारं एखादं कुटुंब दरवर्षी भेटतंच. मोबाइलवर लेह ते पोर्ट ब्लेअरचं उत्तर काढलेलं असतं: सुमारे २,९४० किलोमीटर, पावणेचार तास. अंतर बरोबर आहे. घोळ तासांत आहे.

ते पावणेचार तास म्हणजे नुसता भागाकार, ताशी ८०० किलोमीटरने केलेला. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं-उतरणं त्यात धरलेलंच नाही. शिवाय थेट विमान नाही. लेह-दिल्ली ६२०, दिल्ली-कोलकाता १,३१० आणि पुढे पोर्ट ब्लेअर १,३०५ किलोमीटर. बेरीज केली तर वळसा जेमतेम ३०० किलोमीटरचा, पण त्यापायी अख्खा दिवस जातो, कधी दीड.

याचं मूळ लेहच्या धावपट्टीत आहे. समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर हवा आधीच विरळ. दुपारी तापली की आणखी विरळ होते, विमानाला पुरेशी उचल मिळत नाही, वर वारंही सुटतं. म्हणून प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच सुटतात आणि सकाळी ढग उतरले की रद्द होतात. तिकडे बेटावरची विमानंही बरीचशी पहाटे ते दुपारच्या वेळेतली. त्यामुळे कोलकात्यात एक मुक्काम धराच.

सगळ्यात महाग पडते ती वेगवेगळी तिकिटं काढण्याची चूक. मीही केली आहे. दीड हजार रुपये वाचवले होते. लेहच्या विमानतळावर स्वेटर घालून बसलो होतो, खिडकीतून समोरचा डोंगर हळूहळू दिसेनासा झाला आणि फलकावर ‘रद्द’ आलं. त्या कंपनीने दुसऱ्या दिवशीची जागा दिली. पण कोलकात्याहून सुटणाऱ्या विमानाच्या लेखी मी न आलेला प्रवासी! पैसे बुडाले. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असेल तर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात पडतं.

तिकीट काढताना विमानतळाचा कोडही नीट वाचा. लेहचा आयएक्सएल, पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड. फरक एका अक्षराचा. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तेव्हा एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा. अंतराच्या जागी १,५८६ दिसलं तर दचकू नका, ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

आणि घड्याळ. वेळ दोन्हीकडे एकच, पण पोर्ट ब्लेअर लेहच्या १५ अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य तासभर पुढे. दिवाळीत तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. ‘तीनला उतरू, संध्याकाळी फिरू’ असं ठरवलंत तर सामान घेऊन हॉटेलवर पोचून आवरेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात.